ब्रेकर नेमके कोणाचे रक्षण करतो?

देशाच्या कोणत्याही राज्यातील आगीची बातमी वाचा. रुग्णालय असो, वसतिगृह असो किंवा कपड्यांचे गोदाम, तिच्यात एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते: ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ हे वाक्य नेहमीच खोटे असते असे नाही. पण बहुधा ते अपुरे असते. तारेवरील आवरण महिनोन्‌महिने प्रमाणाबाहेर तापत राहते, कडक होते, त्याला तडे जातात आणि शेवटी एखाद्या रात्री दोन उघड्या तारा एकमेकींना भिडतात. ती भेट म्हणजे शॉर्टसर्किट. पण आगीची पूर्वतयारी त्याआधी कितीतरी दिवस चाललेली असते, आणि त्या काळात भिंतीवरच्या पेटीतला ब्रेकर शांत बसलेला असतो. तो शांत का बसतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना विजेच्या इतिहासातील दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते. मी मात्र सुरुवात अलीकडच्या एका अनुभवापासून करतो.

पीएच.डी. करीत असताना उत्तर भारतातील एका संस्थेच्या वसतिगृहात मी राहत होतो. गच्चीवरच्या बंदिस्त खोलीत पाणी तापवणारा १५ किलोवॅटचा तीन फेजचा मोठा हीटर होता. जानेवारीत पहाटे चारपासून तो सलग चाले आणि साडेपाचच्या सुमारास त्याचा २५ अँपिअरचा ब्रेकर पडे. मग कुणीतरी कुडकुडत वर जाऊन तो पुन्हा चढवी. आठवडाभर तक्रारी झाल्यावर वायरमन आले आणि ब्रेकर कमजोर झाल्याचे सांगून त्यांनी त्याच्या जागी ४० अँपिअरचा बसवला. दुसऱ्या दिवसापासून गरम पाणी अखंड मिळू लागले. आम्ही सर्व जण खूश झालो; पदार्थविज्ञानाचे संशोधक म्हणवणारे आम्हीही. पुढे भोजनगृहासाठी ९ किलोवॅटचा आणखी एक हीटर आला आणि तोही त्याच तारांवर जोडला गेला. ब्रेकर तरीही पडला नाही. काही आठवड्यांनी त्या खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागला, तेव्हा मी प्रयोगशाळेतला क्लॅम्प मीटर घेऊन वर गेलो. प्रत्येक फेजमध्ये ३४ अँपिअरच्या आसपास प्रवाह होता. खोलीचे तापमान ४५ अंश सेल्सिअस होते. वीज बंद करून वायरमननी पेटी उघडली. तारांचे आवरण तपकिरी पडले होते आणि नखाने दाबताच त्याचे तुकडे पडत होते.

कोणतेही यंत्र बिघडलेले नव्हते. हीटर उत्तम चालत होते, ब्रेकर नवा होता. चूक होती ती एका आकड्याची, आणि त्या आकड्याला मोठा इतिहास आहे.

इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथील मद्यनिर्मिती करणाऱ्या कुटुंबातील जेम्स प्रेस्कॉट जूल या तरुणाने १८४१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. पाण्यात बुडवलेल्या तारेतून प्रवाह सोडायचा आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते मोजायचे, असा त्याचा साधा प्रयोग होता. त्यातून निघालेला नियम आज शाळेतील मुलांनाही पाठ असतो: तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. यातील ‘वर्ग’ हा शब्द आपण पाठ करतो, पण मनात मुरवत नाही. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. दीडपट झाला तरी ती सव्वादोनपट होते. विजेच्या जोडणीत ‘थोडासा जास्त लोड’ थोडासा नसतो, तो या वर्गामुळे.

जूलच्या काळी विजेचे दिवे घरोघरी नव्हते; तारायंत्रे मात्र होती. लांबलचक तारांवर वीज कोसळली की टोकाची यंत्रे जळत. १८४७ मध्ये फ्रेंच घड्याळकार व यंत्रनिर्माते लुई ब्रेगे यांनी सुचवले की, तारायंत्र-केंद्राच्या अलीकडे तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा; मोठा प्रवाह आला तर तो तुकडा आधी वितळेल आणि यंत्र वाचेल. एक दुवा जाणूनबुजून दुबळा ठेवायचा आणि त्याच्या नाशातून बाकीचे वाचवायचे, ही फ्यूजची मूळ कल्पना. मे १८८० मध्ये टॉमस एडिसन यांना विद्युत दिव्यांसाठीच्या अशाच ‘सुरक्षा-वाहका’चे पेटंट मिळाले. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून शहराला वीज मिळू लागली, तेव्हा तारांबरोबर ही काळजीही लोकांच्या घरात शिरली.

तार किती जाड असावी, हा प्रश्न त्याच सुमारास दोन वेगवेगळ्या दिशांनी विचारला जात होता. १८८१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी तो अर्थशास्त्राच्या अंगाने सोडवला. जाड तारेला तांबे अधिक लागते, बारीक तारेत वीज अधिक वाया जाते. तांब्यावरील गुंतवणुकीचा वार्षिक भार आणि वाया गेलेल्या विजेची वार्षिक किंमत जिथे समान होतात, तिथे तारेची सर्वांत किफायतशीर जाडी सापडते. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, लंडनच्या ‘सोसायटी ऑफ टेलिग्राफ इंजिनिअर्स अँड ऑफ इलेक्ट्रिशियन्स’ या संस्थेने आपले नियम प्रसिद्ध केले. त्यांच्या शीर्षकात ना वीज-बचत होती, ना कार्यक्षमता. ते नियम ‘विद्युत दिव्यांमुळे उद्भवणाऱ्या आगीच्या धोक्याच्या निवारणासाठी’ होते. आजच्या ब्रिटिश वायरिंग-नियमांची ती पहिली आवृत्ती. अमेरिकेतही आगीच्या विमा-व्यावसायिकांनी असे नियम आधीच मांडले होते आणि १८९७ मध्ये तेथील राष्ट्रीय विद्युत संहिता आली. तारांचे कोष्टक बनवण्याची घाई सर्वप्रथम झाली ती जळणाऱ्या इमारतींमुळे.

त्याच १८९७ मध्ये, १० नोव्हेंबरला, दार्जिलिंगजवळच्या सिद्रापोंग येथे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १८९९ मध्ये कोलकात्यात एमामबाग लेनमधील औष्णिक केंद्र चालू झाले. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्रम्‌ची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली. १९१० चा भारतीय विद्युत कायदा आणि स्वातंत्र्यानंतरची १९५६ ची विद्युत नियमावली यांनी या व्यवहाराला कायद्याची चौकट दिली. यंत्रे, तारा आणि त्यांचे प्रघात आपल्याकडे बहुतांशी ब्रिटनमधून आले. हवामान मात्र आपलेच राहिले.

या सुरुवातीच्या काळात वीज प्रामुख्याने दिवे आणि मोटारी यांच्यासाठी होती. उष्णतेसाठी तिचा सर्रास वापर करता येत नव्हता, कारण लाल तापूनही न जळणारी तार हाती नव्हती. लोखंड गंजते, प्लॅटिनम परवडत नाही. अमेरिकन धातुशास्त्रज्ञ आल्बर्ट मार्श यांना निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूच्या तारेचे पेटंट १९०६ मध्ये मिळाले आणि अडचण सुटली. या ‘नायक्रोम’ची रोधकता तांब्याच्या साठपटीहून अधिक असते आणि तापल्यावर त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा घट्ट थर धरतो, जो आतल्या धातूचे रक्षण करतो. शेगड्या, इस्त्र्या, पाण्याचे हीटर, औद्योगिक भट्ट्या यांचे युग इथून सुरू झाले.

हीटर हा तारांच्या दृष्टीने विलक्षण सरळ आणि म्हणूनच विलक्षण निष्ठुर ग्राहक आहे. मोटार सुरू होताना मोठा प्रवाह घेते आणि मग शांत होते. हीटर पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत तेवढाच प्रवाह घेत राहतो, तासन्‌तास. तारेला मध्येच थंड व्हायला उसंत मिळत नाही. म्हणूनच अमेरिकन संहिता तीन तास वा अधिक चालणाऱ्या भाराला ‘अखंड भार’ मानते आणि त्याच्या प्रवाहाच्या १२५ टक्के गृहीत धरून तार व ब्रेकर निवडायला सांगते. हा पंचवीस टक्क्यांचा अवकाश उधळपट्टी नाही. न थांबता चालण्याची ती किंमत आहे.

शिवाय हीटरचा रोध जवळपास स्थिर असल्याने व्होल्टेज वाढले की प्रवाहही त्याच प्रमाणात वाढतो. आमच्या १५ किलोवॅटच्या हीटरला ४०० व्होल्टला प्रत्येक फेजमध्ये २१.७ अँपिअर लागत. पहाटे शहराची मागणी कमी असते, व्होल्टेज चढलेले असते. ते दहा टक्क्यांनी वाढले तर प्रवाह २३.८ अँपिअर होतो आणि हीटर १५ ऐवजी १८ किलोवॅटहून अधिक शक्ती ओढू लागतो. २५ अँपिअरचा ब्रेकर पहाटेच का पडे, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर ब्रेकरच्या पोटात आहे. फ्यूज एकदा वितळला की संपला. तो बदलताना माणूस नवी चूक करू शकतो. आपल्याकडील जुन्या घरांतील किटकॅट फ्यूज आठवा. तो वारंवार उडू लागला की तांब्याची जाड तार वळून त्यात बसवणारे हात घरोघरी होते. त्या दिवसापासून तो फ्यूज नुसता शोभेपुरता उरे. १९२४ च्या सुमारास जर्मनीतील मानहाइमच्या ह्यूगो स्टोट्झ यांच्या कंपनीने यावर उपाय काढला, तो म्हणजे पुन्हा चढवता येणारा लहान ब्रेकर. त्यात दोन पहारेकरी असतात. एक विद्युतचुंबक, जो शॉर्टसर्किटच्या प्रचंड प्रवाहाला क्षणार्धात ओळखतो. दुसरी दोन धातूंची जोडपट्टी, जी मध्यम पण दीर्घकाळच्या जादा प्रवाहाने तापून हळूहळू वाकते आणि खटका सोडते. ही पट्टी प्रवाह मोजत नाही. ती स्वतःचे तापमान सांगते. तिचे प्रमाणीकरण ३० अंश तापमानाला केलेले असते. आमची पेटी हीटरच्याच खोलीत, गरम टाकीच्या शेजारी होती. पट्टी आधीच तापलेली असे, त्यामुळे २५ चा ब्रेकर कमी प्रवाहालाच पडे. तो कमजोर नव्हता. खोली फार गरम आहे आणि भार काठावर आहे, हे तो रोज पहाटे त्याच्या भाषेत सांगत होता. आम्ही सांगणारा बदलला.

ब्रेकरवर लिहिलेल्या आकड्याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. ४० अँपिअरचा ब्रेकर म्हणजे ४१ अँपिअरला पडणारा ब्रेकर नव्हे. मानकानुसार १.१३ पट, म्हणजे सुमारे ४५ अँपिअर प्रवाहाला त्याने एक तासभर पडता कामा नये, आणि १.४५ पट, म्हणजे ५८ अँपिअरला तासाभराच्या आत पडलेच पाहिजे. या दोहोंमधला प्रदेश धूसर आहे. म्हणून नियम असा आहे: भाराचा प्रवाह ब्रेकरच्या आकड्यापेक्षा कमी हवा आणि ब्रेकरचा आकडा तारेच्या प्रत्यक्ष क्षमतेपेक्षा कमी हवा. भार, ब्रेकर, तार, अशी ही चढती पायरी आहे. ब्रेकर तारेचा रक्षक आहे, हीटरचा नव्हे. हीटरच्या रक्षणासाठी त्याचा थर्मोस्टॅट आणि तापमानावर चालणारा कटआउट वेगळा असतो. माणसाला बसणारा धक्का हाही वेगळा विषय. त्यासाठी अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखणारा आरसीसीबी लागतो.

मग तारेची ‘प्रत्यक्ष क्षमता’ कशी ठरते? तारेत उष्णता निर्माण होते प्रवाहाच्या वर्गाने. बाहेर पडते ती पृष्ठभागातून, तार आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात. दोन्ही समान झाले की तारेचे तापमान स्थिर होते. नेहमीच्या पीव्हीसी आवरणासाठी हे स्थिर तापमान ७० अंशांच्या वर जाता कामा नये. तार जाड केली की तिच्या छेदाचे क्षेत्रफळ जितके वाढते, तितका पृष्ठभाग वाढत नाही. म्हणून भिंतीवरील नळीत ओढलेल्या तीन फेजच्या तांब्याच्या तारांसाठी आंतरराष्ट्रीय कोष्टक १.५ चौरस मिलीमीटरला १५.५ अँपिअर देते, पण ६ चौरस मिलीमीटरला ३६ च. तांबे चौपट, प्रवाह मात्र सव्वादोनपटीच्या थोडा वर.

हे आकडे भोवतालचे तापमान ३० अंश धरून काढलेले आहेत. युरोपात ते पुष्कळ आहे. नागपूर, चुरू किंवा प्रयागराजच्या मे महिन्यात ते दिवसा क्वचितच लाभते. तीस अंशांवर तारेला सत्तरपर्यंत तापायला चाळीस अंशांची मोकळीक असते. भोवती ४५ अंश असतील तर ती पंचवीसच उरते आणि तारेची क्षमता ०.७९ पट होते. भारतीय मानक संस्थेने हे ओळखून १९६० च्या दशकात केबलींच्या प्रवाहक्षमतेची स्वतःची मानके, आयएस ३९६१, तयार केली, तेव्हा हवेचे पायाभूत तापमान ४० अंश धरले. विज्ञानाच्या इतिहासात हा निर्णय कुणी मोठा मानत नाही. त्यात नवा सिद्धान्त नव्हता, नवा कण नव्हता. पण आपल्या उन्हाला आपल्या कोष्टकात जागा देणे, हेही विज्ञानच होते आणि त्याने किती भिंती जळण्यापासून वाचल्या याची गणती होऊ शकत नाही. पुढे १९८५ मध्ये राष्ट्रीय विद्युत संहिता आली. २०११ आणि २०२३ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

आता गच्चीवरच्या त्या खोलीत परत येऊ. तारा ४ चौरस मिलीमीटरच्या होत्या. तीस अंशांवर त्यांची क्षमता २८ अँपिअर. पंचेचाळीस अंशांवर २२. दोन्ही हीटर मिळून २४ किलोवॅट, म्हणजे सुमारे ३४.६ अँपिअर. प्रवाह १.५७ पट, त्याचा वर्ग जवळजवळ अडीच. पंचवीस अंशांची मोकळीक असताना तार बासष्ट अंशांनी तापत होती. म्हणजे तिचे तापमान १०७ अंशांच्या आसपास पोहोचत होते. तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने आमच्या तारा नेमल्यापेक्षा दहापटीहून अधिक वेगाने म्हाताऱ्या होत होत्या. आणि ४० च्या ब्रेकरच्या दृष्टीने ३४.६ हा पूर्णपणे वैध प्रवाह होता. त्याने पडण्याचे काही कारणच नव्हते.

दुरुस्ती सोपी होती. १५ किलोवॅटच्या हीटरसाठी २१.७ च्या १२५ टक्के म्हणजे २७ अँपिअर. त्यावरचा प्रमाणित ब्रेकर ३२ चा. त्याला ६ चौरस मिलीमीटरची तार चालेल असे आम्हाला आधी वाटले होते, कारण कोष्टकात तिच्यापुढे ३६ लिहिले आहे. पण पंचेचाळीस अंशांवर ती २८ वर येते, ब्रेकरच्या खाली. चाळीस अंशांवरही ती ३१.३ च. म्हणून १० चौरस मिलीमीटरची तार ओढली. तिची क्षमता ३९.५ उरते. ९ किलोवॅटच्या हीटरला १३ अँपिअर, १२५ टक्क्यांनी १६.३, त्याला २० चा ब्रेकर आणि ४ चौरस मिलीमीटरची नवी तार पुरेशी ठरली. जी तार एका जोडणीत जळत होती, त्याच मापाची तार दुसरीत सुखाने नांदली. ब्रेकरची पेटीही हीटरच्या खोलीबाहेर आणली.

एवढे करूनही एक धोका ब्रेकरच्या दृष्टिआड राहतो, तो म्हणजे सैल जोड. स्क्रू ढिला राहून तिथे केवळ एकदशांश ओहमचा रोध आला, तरी २० अँपिअरला त्या बिंदूवर ४० वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डर करायच्या इस्त्रीएवढी. प्रवाह मात्र वाढत नाही, म्हणून ब्रेकरला काहीच कळत नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत ५९ माणसे गेली. त्या इमारतीतील ट्रान्सफॉर्मरची केबल-जोडणी त्याच सकाळी दुरुस्त केलेली होती, पण योग्य यंत्राने दाबून पक्की केलेली नव्हती. आणि दोष ओळखून वीज तोडणाऱ्या रिले तिथे नव्हत्या. सैल जोड आणि गैरहजर पहारेकरी, हे दोन्ही एकत्र आले. बंद आणि अडवलेल्या वाटांनी उरलेले काम केले.

विद्यार्थी मित्रांनो, जूलचा नियम परीक्षेत दोन गुणांना येतो. तो आपल्या वसतिगृहाच्या भिंतीतही आहे. ब्रेकर वारंवार पडत असेल तर तो बदलण्याआधी तीन आकडे विचारा: भार किती अँपिअरचा, तार किती चौरस मिलीमीटरची, आणि ती जिथून जाते तिथे उन्हाळ्यात तापमान किती. उत्तर परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. पेटी स्वतः उघडू नका. आणि मोठा ब्रेकर बसवून प्रश्न सुटला असे कुणी सांगितले, तर तारही बदलली का, एवढे अवश्य विचारा. आम्ही ते विचारले नव्हते. गरम पाणी मिळत होते.